दोन फुटी तयार पॅल्युडेरियम : काच चोख, धबधबा फसवा

निम्मं पाणी, निम्मी जमीन, मागच्या भिंतीवरून झिरपणारा धबधबा आणि त्यावर मॉस. असा पॅल्युडेरियमचा जोडून तयार केलेला संच बेळगावातल्या एका माशांच्या दुकानातून घेऊन चार महिने चालवला, मग मागची बाजू उकलून पाहिली. माप 60 × 30 × 38 सेंमी, म्हणजे दुकानाच्या भाषेत ‘दोन बाय एक बाय सव्वा’. संचात टँक, काचेचं झाकण, फोमची भिंत, पंप, लाइट, मातीची पिशवी, सात-आठ रोपं आणि वर फुकटात दोन गोल्डफिश.

आधी चांगलं सांगायचं तर काचकाम. 5 मिमी काच, कडा घासलेल्या, सिलिकॉनची रेघ एकसारखी, कुठे बुडबुडा नाही. चार महिन्यांत एक थेंब गळला नाही. काच, पाणी, दगड, माती धरून वजन 45 किलोच्या आसपास जातं, त्यामुळे खाली सपाट स्टँड आणि अर्धा इंची थर्माकोल हवाच. तो दुकानाने न मागता दिला. झाकण दोन तुकड्यांचं असून मागे 2 सेंमी फट सोडली आहे, तेही बरोबर. सकाळी समोरच्या काचेवर दव दिसणारच. दुपारपर्यंत ते उतरलं नाही तर फट वाढवायची आणि मार्च ते मे कोरड्या हवेत रोपांची टोकं करपू लागली तर कमी करायची. जून-जुलैत बेळगावात बाहेरच इतकी ओल असते की झाकण अर्धं सरकवून ठेवलं तरी आतला मॉस सुकत नाही.

आता खरी गोम. जमीन आणि पाणी वेगळं करायला मध्ये 20 सेंमी उंचीची आडवी काच चिकटवली आहे आणि तिला एकही भोक नाही. पुढे पाणी, मागे माती. म्हणजे मागचा भाग हा तळाला भोक नसलेला कुंडा झाला. धबधब्याचे शिंतोडे आणि रोजची फवारणी त्यात साठत राहते, पाण्याला परत जायला वाट नाही. पाचव्या-सहाव्या आठवड्यात फिटोनियाच्या रोपांची देठं बुडाशी काळी पडली. माती बोटाने उकरली की सडक्या अंड्यासारखा वास. हवा न पोचलेल्या, तुंबलेल्या मातीत असंच होतं, रोप कुठलंही लावा.

दुसरा तोटा चटकन लक्षात येत नाही. पुढच्या कप्प्यात 12 सेंमी पाणी भरलं तरी ते जेमतेम 11 लिटर भरतं. एवढ्याशा पाण्यात खाण्याचा एक दाणा जास्त पडला तरी माशांना विषारी असा अमोनिया उसळतो.

दोन्हीवर इलाज एकच. मधली काच चिकटवण्याआधी तिला खालून 3 सेंमीवर 12 मिमीची दोन भोकं पाडून घ्यायची. साध्या काचेला डायमंड बिटने, वर पाण्याची धार धरून, पाच मिनिटांचं काम आहे. टफन केलेल्या काचेला मात्र हात लावायचा नाही, ती फुटून चुरा होते. भोकं पाडली की पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला येतं, मधल्या काचेवर एका बाजूने दाब राहत नाही आणि पाणी 20 लिटरच्या पुढे जातं. मागे मात्र जमीन उचलून धरावी लागते. फॉल्स सीलिंगच्या दुकानात लाइटखाली लावायची पांढरी चौकोनी प्लास्टिकची जाळी मिळते, ती 58 × 13 सेंमी कापायची. खाली एक इंची पीव्हीसी पाइपचे 13 सेंमीचे सहा तुकडे पाय म्हणून. प्रत्येक पायाला आडवी भोकं पाडायची, नाहीतर पाइपात पाणी कोंडून तिथेच वास सुटतो. लोखंडी किंवा जस्ताची जाळी वापरू नका, जस्ताने कोळंबी मरते. वर डासांची नायलॉन जाळी दुहेरी घालायची आणि तिच्या कडा वर वळवायच्या. इथेच बहुतेकांचं चुकतं. जाळीचं एक टोक जरी पाण्यात लोंबलं तरी समईच्या वातीसारखं पाणी वर चढतं आणि उचलून धरलेली मातीही चार दिवसांत चिखल होते. फोम आणि माती यांच्यात बोटभर अंतर ठेवायचं तेही याच कारणाने.

संचातली माती काळीभोर, दिसायला छान, पण त्यात कंपोस्ट आहे. कुंडीत चालेल. इथे तिचा निचरा थेट माशांच्या पाण्यात उतरतो. त्याऐवजी कोकोपीट चार भाग, धुतलेली जाड वाळू दोन भाग, कोळशाचा चुरा एक भाग. 5 सेंमी थर पुरतो. कोकोपीट तीनदा भिजवून पिळायचं, त्यात मीठ असतं. पिळलेलं पाणी फिक्या चहाच्या रंगाचं झालं की झालं.

फोमची भिंत ही या संचाची शोभा आणि हेच दुखणं. फोम काचेवर थेट फवारलेला आहे. पाण्याखाली गेलेला फोम सतत वर उचलला जातो. चौथ्या महिन्यात डावा कोपरा काचेपासून बोट जाईल इतका सुटला होता आणि मागे माशांचं खाणं कुजत पडलं होतं. काचेवर आधी सिलिकॉनच्या नागमोडी रेघा ओढून, त्या वाळल्यावर फोम मारला असता तर तो धरून राहिला असता. त्याहून सोपं म्हणजे पाण्याच्या पातळीपर्यंत दगड रचायचे आणि फोम वरच सुरू करायचा. 750 मिलीचा एक डबा या मापाला पुरतो. 24 तासांनी सुरीने कोरायचा, वर सिलिकॉन पसरून कोरडं कोकोपीट दाबायचं. दोन नळ्या लागतात. सिलिकॉन साधं, व्हिनेगरसारख्या वासाचं घ्या. बाथरूमचं बुरशीरोधक नको, त्यातलं औषध पाण्यात उतरतं. वास पूर्ण जाईपर्यंत, निदान तीन दिवस, पाणी भरायचं नाही. दुकानाने फोमवर ऑइलपेंट मारला होता, त्याचे पापुद्रे दुसऱ्या महिन्यापासून निघत होते.

आणि पंप या भिंतीच्या आत गाडलेला! याला माफी नाही. पंपावर ताशी 600 लिटर लिहिलं आहे, पण तो आकडा पाणी अजिबात वर चढवायचं नसतानाचा असतो. 25 सेंमी चढवताना धार त्याहून कमीच येते. तरी ती गरजेहून जास्तच, 20 लिटरलाही ताशी 200 खूप झालं, म्हणून सुरुवातीला धबधबा समोरच्या काचेवर उडत होता आणि दोन महिन्यांनी तोच मुतखडा झाल्यासारखा थेंब-थेंब. आतल्या पंख्यावर चिकट थर बसतो. तो दर दीड-दोन महिन्यांनी उघडून जुन्या टूथब्रशने घासायचा असतो, पण हात जाईल तर ना. कोपऱ्यात 10 × 10 सेंमीची विहीर सोडून वर उचलता येणारा दगड ठेवला की प्रश्न मिटला. नळीला छोटा कॉक, पंपाच्या तोंडाला स्पंज. स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नळाखाली नाही. क्लोरिनने त्यातले उपयोगी जिवाणू मरतात.

दगड संचात रंगवलेले आले होते, ते बाजूला ठेवले तरी चालेल. आपल्याकडे जांभ्याच्या चिऱ्याला तोटा नाही. खानापूर बाजूला कुठल्याही बांधकामावर तुकडे पडलेले असतात. त्याच्या भोकांत मॉस आणि फर्नची मुळं जी पकड घेतात ती गुळगुळीत दगडावर कधीच येत नाही. ब्रशने घासून बादलीत भिजत ठेवायचे, लाल पाणी यायचं थांबेपर्यंत रोज पाणी बदलायचं. जुन्या घराचा चिरा असेल तर व्हिनेगरचा थेंब टाकून बघा. फसफसला तर चुना चिकटला आहे, तो दगड पाण्याचा जडपणा वाढवतो.

लाइट म्हणजे लाल-निळी पट्टी. मासे झगमगतात, रोपं लांबुडकी होतात. दोन फुटी 10 वॅटच्या दोन पांढऱ्या एलईडी बॅटन, 6500 केल्विनच्या, यापेक्षा कितीतरी बऱ्या. पहिले तीन आठवडे सहा तास, मग आठ. त्याहून जास्त ठेवला की काचेवर हिरवा थर धरतो. एक्स्टेन्शन बोर्ड टँकच्या थेट खाली लावून दिला होता, तो आधी बाजूला घ्या. वायरला बोर्डाच्या खालपर्यंत झोळ ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळावरूनच टपकेल.

रोपांत लकी बांबू आणि सिंगोनियम पाण्याखाली रोवून दिले होते. ही जमिनीची रोपं आहेत, पानं बुडाली की सडतात, वरच्या मातीत मजेत राहतात. पाण्यात अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन. अनुबियास आणि जावा फर्नचा आडवा कंद मातीत पुरायचा नाही, दगडाला दोऱ्याने बांधायचा. क्रिप्टोकोरीनची पानं पहिल्या दोन आठवड्यांत विरघळली तरी उपटू नका, मुळातून नवी येतात. क्रिप्टोकोरीन आणि लॅगेनँड्राच्या काही जाती सह्याद्रीतल्याच आहेत, म्हणून भीमगड अभयारण्याच्या ओढ्यांतून उपटून आणायचा मोह होतो. अभयारण्यातून काडीही आणायची नाही. वाढवलेली रोपं विकत मिळतात. पावसाळ्यात कंपाउंडच्या भिंतीवरचा मॉस मात्र जरूर आणा, फक्त आधी दोन आठवडे कुंद्याच्या (बेळगावी मिठाईच्या) रिकाम्या प्लास्टिक डब्यात ओला ठेवा. गोगलगायी असल्या तर तिथेच दिसतात.

नळाच्या पाण्यातला क्लोरिन जायला ते एक दिवस उघडं ठेवा किंवा दुकानात ‘हायपो’ म्हणून मिळणारे खडे वापरा. दर आठवड्याला 4 लिटर बदला. बोअरचं पाणी असेल तर धबधब्याच्या कडेला पांढरे डाग धरतात. उडून गेलेल्या पाण्याची भर तरी आरओच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने करा, कारण वाफ होऊन पाणी जातं, क्षार मागेच राहतात.

राहिले गोल्डफिश. “ठेवा की, फुकट देतोय नव्हं,” असं दुकानदार म्हणतो. वीतभर वाढणारा आणि दिवसभर घाण करणारा मासा एवढ्याशा पाण्याला देणं म्हणजे चेष्टाच. चार-पाच आठवडे टँक नुसता चालवून, पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट शून्य आल्यावर एक फायटर मासा किंवा 12-15 चेरी कोळंबी. दोन्ही एकत्र नकोत.

पूर्ण संच पुन्हा घेण्यासारखा नाही, याच दुकानातून काचकाम मात्र डोळे झाकून घ्यावं. ऑर्डर देताना कागदावर लिहून द्या : 60 × 30 × 38, 5 मिमी, दोन तुकड्यांचं झाकण, मधली काच 20 सेंमी उंच आणि मागच्या काचेपासून 14 सेंमीवर, तिला खालून 3 सेंमीवर 12 मिमीची दोन भोकं, चिकटवण्याआधी. फोम नको, मासे नकोत.