इंडोनेशियाचा भिंतीवरचा नकाशा: जमीन पैकीच्या पैकी, समुद्र काठावर पास

सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका जुन्या स्टेशनरीच्या दुकानातून इंडोनेशियाचा लॅमिनेट केलेला राजकीय नकाशा मागवून घेतला. रुंदी साधारण ४० इंच, वर-खाली काळी पट्टी, टांगायला दोरी, किंमत ५५० रुपये. छपाई स्वच्छ, रंग डोळ्यांत न खुपणारे, ठळक नावं मागच्या बाकावरून वाचता येतात. तरी पाचपैकी तीनच तारे देतोय. ज्या देशाचं अर्धंअधिक परराष्ट्र धोरण पाण्यावर चालतं, त्याच्या नकाशात कंपनीने पाण्यात नुसता निळा रंग ओतून काम संपवलंय.

दिवसा मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल निर्यातदाराची कागदपत्रं सांभाळतो: इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग. संध्याकाळी पूर्व भागात स्पर्धा परीक्षेच्या पोरांना आंतरराष्ट्रीय संबंध शिकवतो. समुद्र सोलापुरातून दिसत नाही. पण आमचा कंटेनर न्हावा शेवाहून निघून सिंगापूरला जहाज बदलताना अडकला, की मालकाचा फोन मलाच येतो. त्यामुळे मलाक्काच्या सामुद्रधुनीशी माझा संबंध पुस्तकापुरता नाही.

दुकानाबद्दल तक्रार नाही. माल यायला आठवडा लागला, पण पैसे घेण्याआधी नकाशा फरशीवर पूर्ण उलगडून दाखवला, दोन पोरं कोपरे धरून उभी. "बघा की सर, डाग-बिग असला तर आत्ताच सांगा," असं मालक स्वतः म्हणाले. ऑनलाइन मागवला असता तर चुरगळलेला आला असता आणि परत पाठवायची कटकट वेगळी.

जमिनीच्या बाबतीत नकाशा चोख आहे. तिमोर-लेस्त वेगळ्या रंगात आहे. काही स्वस्त नकाशांत तो अजून इंडोनेशियातच सापडतो, २००२ मध्ये स्वतंत्र होऊनही. बोर्निओच्या पूर्वेची सिपादान आणि लिगितान ही ठिपक्याएवढी बेटं मलेशियाच्या रंगात आहेत. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००२ मध्येच तसा निकाल दिला होता, म्हणजे काढणाऱ्याने एवढी काळजी घेतलीय. मलाक्काचा कोपऱ्यात मोठा करून दिलेला छोटा नकाशा तर फारच उपयोगी.

लॅमिनेशनही पैसे वसूल करणारं. व्हाइटबोर्डचा मार्कर चालतो आणि कोरड्या फडक्याने पुसला जातो. कंपनीने जे छापलं नाही ते मी त्यामुळेच रोज हाताने काढू शकतो.

आधी प्रत्येक मोठ्या बेटाच्या किनाऱ्यावरून मार्कर फिरवतो. इंडोनेशिया डचांची वसाहत होती तेव्हाच्या १९३९ च्या नियमाप्रमाणे प्रादेशिक समुद्र, म्हणजे किनाऱ्यालगतचा देशाच्या मालकीचा पट्टा, ३ सागरी मैलांचा, म्हणजे साडेपाच किलोमीटर. या नकाशावर तेवढं अंतर मार्करच्या जाडीतच संपतं. बाकी सगळं पाणी खुला समुद्र. जावा आणि कालिमंतान (बोर्निओचा इंडोनेशियाकडचा भाग) यांच्या मधून कोणाचीही युद्धनौका बिनधास्त जाऊ शकत होती, आणि पश्चिम इरियन, म्हणजे न्यू गिनी बेटाचा पश्चिम भाग, कोणाचा या वादात डच नौका जातही होत्या. वाड्याच्या खोल्या तुमच्या, पण मधला चौक सरकारी रस्ता, अशी गत.

मग दुसऱ्या रंगाचा मार्कर घेतो आणि सगळ्यात बाहेरच्या बेटांची टोकं सरळ रेघांनी जोडतो. १३ डिसेंबर १९५७ ला पंतप्रधान जुआंदा यांच्या सरकारने हेच केलं: रेघांच्या आतलं सगळं पाणी आमचं, आणि रेघेपासून बाहेर १२ मैल प्रादेशिक समुद्र. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया यांनी निषेध नोंदवले. त्या वेळी इंडोनेशियाकडे ही रेघ राखायला धड नौदल नव्हतं. म्हणून त्यांनी वकील पुढे केले. मोख्तार कुसुमात्माजा हे कायदेपंडित, पुढे परराष्ट्रमंत्री झाले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परिषदांमागून परिषदा लढवल्या. १९८२ च्या समुद्र कायदा करारात द्वीपसमूह राष्ट्रांसाठी स्वतंत्र भाग आला. पंचवीस वर्षं! आपल्याकडे एवढ्या काळात किती सरकारं बदलतात ते मोजा.

ते फुकट मिळालं नाही. मोठ्या आरमारी देशांना वाट हवी होती. पाणी आमचं हे तुम्ही मान्य करा, ठरलेल्या मार्गांनी तुमची जहाजं, विमानं, पाणबुड्यासुद्धा जाऊ देतो, असा सौदा झाला. उत्तर-दक्षिण असे तीन मार्ग इंडोनेशियाने नंतर आखून दिले: पहिला सुंदा आणि करिमाता सामुद्रधुनीतून, दुसरा लोम्बोक आणि मकासरमधून, तिसरा पूर्वेला बांदा समुद्राकडून. पूर्व-पश्चिम मार्ग त्यांनी आखलेला नाही, आणि तो मुद्दा अमेरिका अजून काढत असते. हे तीन मार्ग नकाशात तुटक रेघेने दाखवायला किती शाई लागली असती? लोम्बोकचं नाव तर इतक्या बारीक अक्षरात आहे की भिंग लागतं. मलाक्काच्या उथळ पाण्यात न मावणारी अवजड जहाजं तिथूनच जातात.

करारात रेघांच्या आतलं पाणी आणि जमीन यांचं प्रमाण १:१ ते ९:१ यात बसावं लागतं, हे मी सांगितलं की पोरं लगेच जपानवर येतात. जपानची जमीन जास्त भरते, म्हणून तो बसत नाही. एका मुलीने विचारलं, "सर, मग अंदमानभोवती आपणपण अशी रेघ मारायची की." तिला म्हटलं, ही सवलत पूर्णपणे बेटांचाच असलेल्या देशांना; आपल्या बाजूला मुख्य भूमी आहे. तिला ते पटलं नाही, आणि वाद घालायला मुद्दा वाईट नव्हता.

आता खरी चीड आणणारी गोष्ट. नातुना बेटं "साउथ चायना सी" या अक्षरांखाली गाडली गेलीत. बेटं शोधायची तर "चायना"च्या अक्षरांत बोट घालावं लागतं. आणि इंडोनेशियाचं चीनशी दुखणं नेमकं तिथेच आहे! चीन या समुद्रावरचा दावा नकाशात ज्या नऊ तुटक रेघांनी दाखवतो, त्या नातुनाच्या उत्तरेला इंडोनेशियाच्या विशेष आर्थिक क्षेत्रावर, म्हणजे जिथल्या मासे-तेलावर त्याचा हक्क त्या पट्ट्यावर, चढतात. जकार्ताची भूमिका अशी की आमचा चीनशी वादच नाही, कारण त्या रेघांना कायदेशीर आधार नाही. २०१६ मध्ये चिनी मासेमारी बोटींवरून झटापटी झाल्या, तेव्हा त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी नातुनाच्या पाण्यात युद्धनौकेवर बैठक घेतली. २०१७ मध्ये त्या पट्ट्याला उत्तर नातुना समुद्र हे नाव दिलं. नकाशात ते कुठेच नाही. चीनचा आक्षेप आहे, मान्य. पण निदान बेटांवरून अक्षरं तरी हलवा!

आणि त्याच जोकोंनी जकार्ता-बांडुंग वेगवान रेल्वे चिनी कर्जावर बांधून घेतली. २०२३ मध्ये ती सुरू झाली. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष प्राबोवो बीजिंगला गेले तेव्हा संयुक्त निवेदनात "एकमेकांवर चढणारे दावे" असा उल्लेख आला आणि घरी ओरड झाली. मग परराष्ट्र मंत्रालयाने खुलासा केला की आम्ही नऊ रेघा मानत नाही. पोरं याला दुटप्पीपणा म्हणतात. मी म्हणतो, १९४८ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मोहम्मद हट्टा यांनी अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोन खडकांमधून होडी वल्हवायची म्हटलं होतं, ती अजून वल्हवताहेत. तरी ते निवेदन गचाळ होतं, एवढं मी वर्गातही बोललो.

दुसरा मोठा दोष डाव्या कडेला आहे. नकाशा सुमात्राच्या टोकाशी, सबांगच्या किंचित पलीकडे कापलाय, त्यामुळे ग्रेट निकोबार बाहेर पडलं. तिथल्या दक्षिण टोकापासून, इंदिरा पॉइंटपासून, इंडोनेशिया १०० सागरी मैलांच्या आत आहे. दोन्ही देशांनी १९७४ मध्येच सागरतळाची हद्द ठरवली, २००२ पासून नौदलं एकत्र गस्त घालतात, २०१८ मध्ये सबांग बंदराच्या विकासाची बोलणी झाली. भारतात विकायच्या नकाशात भारताचा शेजार कापून टाकणं म्हणजे कमाल आहे. मी पट्टीच्या बाजूला भिंतीवरच पेन्सिलीने निकोबार काढलंय. घरमालकाने अजून पाहिलेलं नाही.

हे सगळं सोलापुरात बसून कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी: २८ एप्रिल २०२२ ला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली, कारण त्यांच्याकडेच खाद्यतेल महागलं होतं. जेमतेम साडेतीन आठवड्यांनी, २३ मेला, उठवली. पण आमच्या क्लासच्या खालचा फरसाणवाला तेवढ्यात तेलाच्या डब्याच्या भावाने हैराण झाला होता, आणि राष्ट्रहित हा धडा त्याला माझ्याआधी समजला. त्याच वर्षी जानेवारीत कोळशाचीही निर्यात त्यांनी अशीच रोखली होती.

तर, कोणी घ्यावा? शाळेच्या वर्गासाठी, भूगोलाच्या शिक्षकांनी जरूर घ्यावा. स्पर्धा परीक्षावाल्यांनी घ्यावा, पण दोन रंगांचे मार्कर आणि समुद्र कायद्याची तोंडओळख सोबत ठेवून. नुसता टांगून ठेवायचा असेल तर पैसे वाया. दुकानदारांनी हिंद महासागराचा मोठा नकाशा मागवून देतो म्हटलंय, त्याचे शंभर रुपये आगाऊ दिलेत. निकोबार त्यात आहे का हे आधी फरशीवर बघून घेणार.

आणि नकाशा गुंडाळलेलाच मागा, नळीचे तीस रुपये जास्त पडले तरी. याचीच घडी घातलेली स्वस्त आवृत्ती मिळते, तिची मधली घडी बरोबर मकासर सामुद्रधुनीवरून जाते आणि तिथला रंग सगळ्यात आधी उडतो.