शब्बाथची ड्यूटी: बंब की अँब्युलन्स?

दोन्ही कामं मी केलीत. आधी तीन वर्षं बंबावर, नंतर अँब्युलन्सवर, आणि ती अजून चालू आहे. त्यामुळे इस्राएलमधल्या अश्दोदच्या आमच्या मशिदीत (सिनेगॉगला, म्हणजे यहुदी प्रार्थनागृहाला, आमची महाराष्ट्रातून आलेली जुनी बेने इस्राएल मंडळी अजून मशीदच म्हणतात) कुणाचा मुलगा लष्करातली सेवा संपवून आला की त्याची आई मला गाठते. "भाऊ, 101 बरं की 102? पोरगा शब्बाथ पाळतो हो." (इथे 101 म्हणजे अँब्युलन्स, 102 म्हणजे बंब. शब्बाथ म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतची यहुद्यांची विश्रांती; त्यात काम, आग, गाडी सगळं वर्ज्य.)

पगार, परीक्षा, दमछाक हे पोरगा स्वतः शोधून काढेल. पिकुआख नेफेश, म्हणजे जीव वाचवण्याचा नियमही त्याला ठाऊक असतो. जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडायला नुसती मुभा नाही, तो मोडायचाच. शुल्हान आरूख हा आमच्या धर्मनियमांचा ग्रंथ सांगतो की अशा वेळी चपळाई करणारा वाखाणण्याजोगा, आणि आधी विचारायला जाणारा रक्त सांडणारा. मध्ययुगातला धर्मपंडित रंबाम त्याच्याही पुढे जातो: हे काम परक्यावर (यहुदी नसलेल्यावर) किंवा पोरासोरांवर ढकलू नका, इस्राएलातल्या थोर विद्वानांनीच करावं. तेव्हा नोकरी चालेल का, हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो शिफ्टमधल्या ज्या वेळात कुणाचाही जीव टांगणीला नसतो, त्या वेळाचा.

आमचे पूर्वज अलिबागकडे शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. घाण्याचं सोपं होतं. बैल सोडला की शब्बाथ लागला. बंबाचा बैल असा सुटत नाही.

मिश्ना या आमच्या प्राचीन नियमग्रंथाच्या शब्बाथ भागातला 16वा अध्याय बराचसा आगीवरच आहे. तीन जेवणांपुरतं अन्न बाहेर काढा. परका माणूस विझवायला आला तर त्याला 'विझव' म्हणू नका, 'विझवू नकोस'ही म्हणू नका. म्हणजे निव्वळ मालमत्ता जळत असेल तर हात आखडता. पुढे 16व्या शतकात क्राकोव्हच्या रेमा या रब्बीने (धर्मगुरूने) लिहिलं की आपण परक्यांच्या वस्तीत राहतो, आगीत जिवाचा धोका असतो, तेव्हा विझवावी. आजच्या खेटून उभ्या इमारती आणि गॅस पाहता ते पटतंच. कॉलवर निघण्याबद्दल मला कधी शंका आली नाही.

माझं घोडं अडलं ते कचऱ्याच्या डब्यापाशी.

शुक्रवारची रात्र होती. फोन आला, धूर दिसतोय. आम्ही भोंगा वाजवत सुटलो. जिवाच्या धोक्याची नुसती शंकाही पुरते, त्यामुळे तिथवर मन स्वच्छ. पोचलो तर मोकळ्या जागेत प्लास्टिकचा एक डबा एकटाच जळतोय. आसपास माणूस नाही, वारा नाही. मागून आवाज आला, "सोड पाणी." माझा हात नोझलवर, आणि डोक्यात हिशेब: विझवणं हे 39 निषिद्ध कामांपैकी एक, सुकं गवत किती लांब आहे, वारा सुटला तर? तेवढ्यात शेजारच्याने नोझल काढून घेतलं आणि डबा विझवून टाकला. मला कोणी काही बोललं नाही. तेच जास्त लागलं.

रब्बींना विचारलं. ते म्हणाले, शंका असेल तर विझव, तू काही विमा कंपनीचा माणूस नाहीस. उत्तर चोख होतं, पण पुढच्या डब्यापाशी हात पुन्हा अडखळलाच. शिवाय शनिवारी सकाळी गाडी धुवायची पद्धत. पुढच्या कॉलसाठी पाइप गुंडाळणं, टाकी भरणं मला मान्य. पण बंपर चकचकीत करून कुणाचा जीव वाचतो? दर शनिवारी नाही म्हणायचं, आणि दर शनिवारी कुणीतरी नाक मुरडायचं.

अँब्युलन्सवर समोर माणूस असतो. छाती दुखतेय म्हणतो, नंतर नुसता गॅस निघतो, तरी हरकत नाही. त्या क्षणी शंका खरी होती, आणि हात थांबला नव्हता.

तिथेही काटा आहेच, तो परतीचा. पेशंट हॉस्पिटलात उतरवला, आता रिकामी गाडी कशी चालवायची? सुटकेसाठी गेलेल्याला मिश्ना तिथे पोचल्यावर चारी बाजूंना 2000 हात चालायची मोकळीक देते. मोटारीबद्दल न्यूयॉर्कच्या रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी परतीची परवानगी दिली, नाहीतर पुढच्या वेळी लोक निघायलाच कचरतील. जेरुसलेमचे रब्बी श्लोमो झाल्मान आउअरबाख तेवढं सैल सोडायला तयार नव्हते. ड्यूटीवरच्या माणसाला हे फारसं टोचत नाही, कारण गाडी पुढच्या कॉलसाठी ठाण्यावर हवीच असते. घरून धावणाऱ्या स्वयंसेवकाला मात्र नक्की टोचतं. मी स्वतः शनिवारी सकाळी शिफ्ट संपली की चालत घरी येतो. चाळीस मिनिटं, ऑगस्टमध्ये. बायकोने त्यावर बोलणं सोडून दिलंय.

पैशांचं दोन्हीकडे सारखंच. इस्राएलच्या 1951च्या कायद्याने आठवड्याच्या सुटीत काम केलं की दीडपट मजुरी, आणि धर्मनियमाने शब्बाथची मजुरी वेगळी घ्यायची नाही म्हणून ती महिन्याच्या पगारात मिसळलेली बरी. रिपोर्ट लिहिण्याचा त्रासही दोन्हीकडे, कारण शब्बाथला टिकणारं काही लिहायचं नसतं. त्सोमेत संस्थेने काही दिवसांत शाई उडून जाणारं पेन काढलंय, पण ते टॅब्लेटपुढे काय कामाचं!

माझा कल कुठे आहे ते लपलेलं नाही. तरी रक्त पाहून ज्याला घेरी येते त्याने माझं ऐकू नये, आणि ज्याचं मन डब्यापाशी अडखळत नाही त्यानेही. अशी माणसं आहेत, माझ्याहून धार्मिक आहेत, आणि बंबावर मजेत आहेत.

परवा आलेल्या बाईंचा मुलगा म्हणे लहानपणापासून शिडीचा वेडा. मग बंबच. मी एवढाच निरोप धाडला, की मुलाखतीला गेलास की शनिवारी सकाळी गाडी कोण धुतं, ते आधी विचारून घे.