टर्बो बदलून देण्याच्या नावाखाली झालेली फसवणूक

बीड जिल्ह्यातून लातूरच्या बाजारात सोयाबीन आणि तूर पोहोचवणारा ट्रक मी स्वतःच चालवतो. मांजरसुंब्याचा घाट चढताना गाडी निळसर धूर मारू लागली, पिकअप कमी झाला आणि इंजिन ऑइल वरचेवर टाकावे लागू लागले, तेव्हा ती मी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे त्या वर्कशॉपचे नाव येथे देत नाही. मात्र तेथे वापरलेली पद्धत कोणत्याही गावात वापरता येण्याजोगी असल्याने ती सविस्तर सांगतो.

मिस्त्रींनी हवेचा होज काढला, आत बोट फिरवले आणि तेलाने माखलेले ते बोट माझ्यासमोर धरून "मालक, टर्बो गेला" असा निकाल दिला. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा. एवढ्यावरून तो गेला असे ठरत नाही. ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनच्या आतला दाब बाहेर सोडणाऱ्या नळीतून, येणाऱ्या वाफेमुळे चांगल्या गाडीच्या होजमध्येही थोडे तेल असते. टर्बोची खरी परीक्षा त्याच्या शाफ्टवर (पंख्याच्या दांड्यावर) होते: शाफ्ट चिमटीत धरून हलवला असता तो बाजूला किंचित हलतो आणि ते चालते, परंतु आत-बाहेर ओढल्यावर ढिलेपणा जाणवला किंवा पंख्याची पाती घराला (टर्बोच्या बाहेरच्या कवचाला) घासल्याच्या खुणा दिसल्या, तर मात्र तो निकामी समजावा. यातले काहीही मला दाखवले गेले नाही.

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो आणि त्याचे बुश (बेअरिंग) तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतात. हे तेल इंजिनच्या दाबाने बारीक नळीतून आत येते. परत जाताना मात्र त्याच्यामागे कसलाही दाब नसतो. हवेत घुसळून फेसाळलेले ते तेल केवळ स्वतःच्या वजनाने चेंबरमध्ये (इंजिनच्या तळाशी तेल साठते तेथे) उतरते, म्हणून परतीची नळी येणाऱ्या नळीपेक्षा बरीच रुंद असावी लागते, ती सलग खाली उतरती असावी लागते आणि चेंबरमधल्या तेलाच्या पातळीच्या वर उघडावी लागते. शाफ्टच्या दोन्ही टोकांना रबरी सील नसून पिस्टनच्या रिंगांसारख्या बारीक रिंगा असतात. परतीची वाट तुंबली किंवा ब्रीदर बंद होऊन चेंबरमध्ये दाब वाढला, की तेल या रिंगांवरून एका बाजूने हवेच्या होजमध्ये आणि दुसऱ्या बाजूने सायलेन्सरकडे जाते. म्हणजे टर्बो ठणठणीत असतानाही गाडी तेल फेकते आणि धूर मारते.

वर्कशॉपने 38,000 रुपये घेऊन "कंपनीचा नवा" टर्बो बसवला. बिलाऐवजी हाती एक चिठ्ठी दिली आणि जुना टर्बो कंपनीकडे जमा करावा लागतो असे सांगून ठेवून घेतला. वास्तविक जुना भाग जमा करून घ्यायचा असेल, तर त्याची नोंद बिलावर असते आणि त्याबद्दल किमतीत सूटही मिळते. मला दोन्हींपैकी काहीच मिळाले नाही.

सोयाबीनच्या ऐन हंगामात धूर पुन्हा सुरू झाला. आता वॉरंटी मागितली असता, घाट चढून आल्यावर तापलेले इंजिन लगेच बंद केल्यामुळे तेल जळून टर्बो गेला, चूक ड्रायव्हरची, असे उत्तर मिळाले. ही सबब अशी निवडलेली असते की ती खोटी वाटू नये, कारण मांजरसुंब्याच्या हॉटेलांपुढे चहासाठी थांबताना अनेक जण खरोखरच इंजिन ताबडतोब बंद करतात आणि त्यामुळे बेअरिंगमधल्या तेलाचा कोळसा होतोही. मी एक-दोन मिनिटे गाडी आयडलवर ठेवतो, हे त्यांना सांगून उपयोग झाला नाही. पण त्यांचेच म्हणणे खरे धरले, तर तो कोळसा तेल आत आणणाऱ्या ज्या बारीक नळीत (फीडच्या नळीत) साचतो ती नळी त्यांनी सर्वप्रथम बदलायला हवी होती. तिला हातही लागलेला नव्हता. उलट, निम्म्या पैशांत दुसरा टर्बो "मेहेरबानी म्हणून" देतो आणि पिस्टनच्या रिंगा गेल्या असल्याने इंजिनचे कामही करून घ्या, असा आग्रह सुरू झाला. टर्बोचे पैसे मी दिले; इंजिन खोलू दिले नाही.

धूर तरीही थांबला नाही. अंबाजोगाईच्या एका वयस्कर मिस्त्रींनी टर्बोकडे न पाहता आधी परतीची नळी सोडवली. मूळची लोखंडी नळी जाऊन तेथे पाण्याचा साधा रबरी होज लावलेला होता. बाहेरून तो नवा दिसत होता, पण उभा चिरल्यावर आतला थर तेलाने फुगून सुटलेला आढळला आणि त्यातून जेमतेम करंगळी जाईल एवढीच वाट उरली होती. नळीच्या जोडाला (फ्लँजला) पॅकिंगऐवजी लाल सिलिकॉन थापलेले होते आणि त्याची दाबून आत गेलेली लोळी भोकाच्या तोंडावर लोंबत होती. शिवाय होज मधे झोळ पडून खाली लटकला होता, त्यामुळे त्या झोळात तेल कायम उभे राहत होते.

यापेक्षा संतापजनक बाब त्यानंतर कळली. दुसऱ्या टर्बोवर नंबरची पट्टी नव्हती, तिच्या रिव्हेटांची भोके चंदेरी रंगाने बुजवलेली होती. रंग खरवडल्यावर घराच्या कानावर ॲल्युमिनियम वेल्डिंगची वाकडी रेघ निघाली. तीच रेघ, त्याच जागी, माझ्या मूळ टर्बोच्या फोटोत आहे; किमतीची चौकशी करण्यासाठी तो फोटो मी पूर्वी काढून ठेवला होता. माझाच टर्बो रंगवून मला विकला गेला होता, आणि तो मुळात खराब नसल्यामुळेच हा व्यवहार त्यांना परवडत होता.

योग्य मापाची लोखंडी नळी, दोन्ही टोकांना नवे पॅकिंग, नवी फीडची नळी आणि साफ केलेला ब्रीदर एवढ्या कामानंतर तोच टर्बो आज चालू आहे. टर्बो बदलायचा झाल्यास फीडची नळी जोडण्यापूर्वी तिचे टोक बाटलीत धरून, डिझेल बंद ठेवून, स्टार्टर मारायला सांगावे. तेल अखंड धारेने यायला हवे. परतीच्या नळीतून डिझेल ओतून पाहावे. जुना भाग ताब्यात घ्यावा आणि नव्या भागाच्या पट्टीवरील नंबर बिलावर लिहून घ्यावा. याला नकार देणाऱ्याकडे गाडी सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ट्रक धंद्यासाठी असल्याने तक्रार चालणार नाही, असे मला अनेकांनी सांगितले. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार मात्र स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी वस्तू वापरणारी व्यक्ती ग्राहकच ठरते, बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा मानली जाते आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत दाखल करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. चिरलेला होज, चिठ्ठी आणि टर्बोचे फोटो मी तक्रारीसोबत जोडले आहेत. वर्कशॉपने टर्बो नवाच होता असे लेखी उत्तर दिले आहे. तो त्यांनी कोणाकडून विकत घेतला, याचे बिल मात्र त्या उत्तराला जोडलेले नाही.