प्रॉक्समॉक्स, आठ महिन्यांनंतर: बॅकअपचा तो एक टॅब पहिल्याच दिवशी उघडा

निपाणीत आमचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, यात्रेची हॅंडबिलं, तंबाखूच्या वखारींची पावतीपुस्तकं. नवरा निपाणीचा आणि नवरी गोकाकची असली की पत्रिका एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला कन्नडात. म्हणून एकाच कॉम्प्युटरवर पेजमेकर, यूएसबी डोंगलवर (परवान्याची छोटी किल्ली) चालणारं जुनं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर आणि कन्नडसाठी नुडी अशी तिन्ही लागतात. हे सगळं चौदा वर्षांच्या एका विंडोज ७ च्या मशीनवर चालायचं. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधली आमची शेकडो कामं दुसरीकडं उघडली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. त्यामुळं ते मशीन मरू देणं परवडणारं नव्हतं.

गेल्या दिवाळीत दुकान बंद असताना मी कोल्हापुरातून जुना वापरलेला डेस्कटॉप आणला: आय-५, सोळा जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी, साडेसोळा हजार. राज्य वेगळं म्हणून बिलावर आयजीएसटी लागला, आणि महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडं येऊन सर्व्हिस देणार नाही हेही विकणाऱ्यानं आधीच सांगितलं. त्यावर प्रॉक्समॉक्स ९ टाकला. व्हिएन्नाच्या कंपनीचा, डेबियनवर उभा असलेला, फुकट वापरता येणारा. एका मशीनच्या आत अनेक मशीनं (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम) चालवणारी ती सिस्टीम. इन्स्टॉल वीस मिनिटांत होतं. त्यानंतर काय करायचं राहून जातं, ते लिहिते. आमचं काम फेब्रुवारीत ऐन हंगामात दीड दिवस बंद पडलं ते त्यामुळंच.

पहिली अडचण पहिल्याच संध्याकाळी आली. अपडेट दाबलं तर लाल अक्षरात ४०१ अनऑथराइज्ड. पुण्यातल्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, आधी रिपॉझिटरी बदल, मग बाकीचं." रिपॉझिटरी म्हणजे अपडेट जिथून येतात ती ठिकाणं. इन्स्टॉल केल्यावर एंटरप्राइजच्या रिपॉझिटरी चालू असतात आणि त्या पैसे भरलेल्यांनाच उघडतात. डावीकडं नोडवर, म्हणजे आपल्या सर्व्हरच्या नावावर, क्लिक करून अपडेट्सखाली रिपॉझिटरीजमध्ये जायचं, एंटरप्राइजच्या दोन्ही ओळी, प्रॉक्समॉक्सची आणि सेफ (Ceph) या स्टोरेज सॉफ्टवेअरची, डिसेबल करायच्या आणि अ‍ॅडमधून नो-सबस्क्रिप्शन, म्हणजे फुकटची, घ्यायची. मग अपडेट. कमांडनं करणार असाल तर नुसतं अपग्रेड नाही, डिस्ट-अपग्रेड. नुसत्या अपग्रेडनं काही पॅकेजं मागं राहतात आणि सिस्टीम अर्धवट होते.

लॉगिन केलं की दर वेळी "नो व्हॅलिड सबस्क्रिप्शन"ची चौकट येते. पहिले दोन महिने मला तिचा भयंकर राग यायचा. ती काढायची स्क्रिप्ट भाच्यानं दिली, चालवलीही. पुढच्या अपडेटनं चौकट परत आली. त्याबद्दल माझं मत पुढं बदललं, ते खाली येईल.

आयपीचं थोडक्यात. इन्स्टॉलर जो पत्ता विचारतो तो कायमचा बसतो, म्हणून राउटर आपोआप वाटत असलेल्या पत्त्यांच्या बाहेरचा द्या. मी तसं केलं नव्हतं, तर एके दिवशी कुणाच्या तरी मोबाईलला तोच पत्ता मिळाला आणि प्रॉक्समॉक्स जिथून चालवायचा ते ८००६ पोर्टवरचं वेबपान उघडेना. पुढं फायबरवाल्यानं राउटर बदलला तेव्हा १९२.१६८.१ चं १९२.१६८.० झालं आणि सर्व्हरला मॉनिटर जोडून दोन फायलींत पत्ता बदलावा लागला: इंटरफेसेस आणि होस्ट्स. दुसरी फाईल लोक विसरतात. पत्ता कागदावर लिहून मशीनला चिकटवून ठेवा. माझ्या मशीनला आता तो चिकटलेला आहे.

जुनं विंडोज ७ डिस्क-टू-व्हीएचडीनं (अख्खी डिस्क एका फाईलमध्ये उतरवणारं सॉफ्टवेअर) उचलून व्हीएम म्हणून आत आणलं. व्हीएमला डिस्क जोडायचे प्रकार असतात: आयडीईवर लावली तर निळा स्क्रीन आला, साटावर लावल्यावर सुरू झालं. जुनी मशीन आणताना आधी साटाच करून बघा. हिशेबासाठी विंडोज ११ चं दुसरं व्हीएम नव्यानं टाकलं. तिथं इन्स्टॉल करताना डिस्कच दिसेना, कारण व्हर्टआयओ या व्हीएमच्या डिस्क-प्रकारासाठीच्या ड्रायव्हरची आयएसओ वेगळी जोडून ड्रायव्हर आधी भरावा लागतो. तिसरा एक छोटा कंटेनर (व्हीएमपेक्षा हलका प्रकार), सगळ्यांच्या फायलींसाठी.

डोंगलनं मात्र मला आनंद दिला. यूएसबी जोडताना दोन पर्याय असतात: पोर्टनुसार किंवा उपकरणाच्या आयडीनुसार. मी पोर्ट निवडला होता. झाडलोट करणाऱ्या मावशींनी टेबल पुसताना डोंगल काढून शेजारच्या भोकात लावला आणि फॉन्टचं सॉफ्टवेअर डेमोवर गेलं. आयडीनुसार केल्यापासून कुठल्याही भोकात चालतो. सारखेच दोन डोंगल असतील तर मात्र पोर्टच घ्यावा लागेल. ज्या मशीनचा पंखा घरघरायला लागला की माझ्या पोटात गोळा यायचा, ते मशीन आता एक फाईल आहे. पुढच्या टेबलावरून रिमोट डेस्कटॉपनं उघडते आणि कन्नड मजकूर बसवते.

आता फेब्रुवारी.

जानेवारीच्या शेवटी बॅकअप लावला होता. डेटासेंटर, बॅकअप, अ‍ॅड. दर रविवारी रात्री. ठिकाण म्हणून यादीत 'लोकल' दिसत होतं, तेच निवडलं. त्याच खिडकीत रिटेन्शन नावाचा टॅब आहे, जुने बॅकअप किती ठेवायचे ते ठरवणारा. तो मी उघडला नाही. मी काहीच न सांगितल्यामुळं प्रॉक्समॉक्सनं स्टोरेजचं मूळ सेटिंग घेतलं, आणि तिथं 'सगळे बॅकअप ठेवा' आहे. जुनं काहीच काढायचं नाही. शिवाय 'लोकल' म्हणजे सिस्टीम जिथं राहते तीच जागा. ५१२ जीबीच्या डिस्कवर इन्स्टॉलरनं तिला जेमतेम शंभर जीबी दिली होती, बाकीची व्हीएमच्या डिस्कांना. माझा एका रविवारचा बॅकअप बावीस-तेवीस जीबीचा. चार रविवार.

चौथ्या रविवारचा बॅकअप कसाबसा बसला. उरलेली जागा लॉगनी खाल्ली आणि मंगळवारी सकाळी वेबवर लॉगिन होईना. पासवर्ड बरोबर, तरी 'लॉगिन फेल्ड'. गंमत अशी की व्हीएम तेव्हा चालूच होते, पेजमेकरवर काम चाललं होतं. तेव्हा मी हात लावला नसता तर निभावलं असतं. पण आपल्याला सवय: बंद करून चालू करा. केलं, आणि एकही व्हीएम उठला नाही. यादी विचारली तर रिकामी. चौदा वर्षांचं काम नाहीसं झालं असंच मला वाटलं. टेबलावर तीन लग्नांच्या पत्रिका होत्या, त्यातल्या एका लग्नाला नऊ दिवस.

ते नाहीसं झालेलं नव्हतं. प्रॉक्समॉक्सची सगळी सेटिंगं एका छोट्या डेटाबेसमधून ईटीसी-पीव्हीई या फोल्डरात दिसतात, आणि डिस्क पूर्ण भरली की ती सेवाच सुरू होत नाही. फोल्डर रिकामा, म्हणून यादी रिकामी. व्हीएमच्या डिस्का आपल्या जागी सुखरूप होत्या. हे कळायला मला दीड दिवस लागला. उपाय पाच मिनिटांचा निघाला: मॉनिटर जोडून रूट म्हणून आत जा, डीएफ-एचनं जागा बघा, वार-लिब-व्हीझेड-डंपमधले जुने दोन बॅकअप काढा, रीबूट करा. सगळं परत आलं. पत्रिका वेळेत गेल्या, पण मंगळवार-बुधवारची रात्र छापखान्यात काढून.

माझी तक्रार तेव्हाही हीच होती आणि आजही हीच आहे. चौकट लॉगिनला दर वेळी दाखवता ना, मग बॅकअप लावताना एक वाक्य दाखवा: हे ठिकाण सिस्टीमच्याच डिस्कवर आहे आणि जुनं काही काढलं जाणार नाही. बाकी इतका विचार केलेल्या वस्तूत हे एक वाक्य नसावं हे मला पटत नाही.

त्या आठवड्यात दोन टेराबाइटची यूएसबी हार्डडिस्क घेतली, डिरेक्टरी स्टोरेज म्हणून जोडली, रिटेन्शनमध्ये शेवटचे तीन आणि महिन्याचे दोन ठेवले. 'लोकल'च्या सेटिंगमधून बॅकअपची परवानगीच काढून टाकली, म्हणजे पुन्हा चुकून तिथं काही जाणार नाही. वाटलं संपलं.

इथपर्यंतचं मार्चमध्ये, रागात लिहून ठेवलं होतं. पुढचं आता जूनमध्ये.

एप्रिलात हार्डडिस्कची केबल सैल झाली आणि रविवारचा बॅकअप मुकाट्यानं त्या नावाच्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे पुन्हा सिस्टीमच्याच डिस्कवर गेला. या वेळी ईमेल लावलेला होता म्हणून सोमवारी सकाळी आकार बघून शंका आली. त्यावर उपाय आहे आणि मला तो आधी कुणी सांगितला नाही: पीव्हीईएसएम सेट कमांडनं त्या स्टोरेजला इज-माउंटपॉइंट 'यस' करायचं. मग डिस्क जोडलेली नसेल तर बॅकअप सरळ नाकारला जातो आणि तसा ईमेल येतो. एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठल्या डिस्का जोडायच्या त्याची फाईल) त्या डिस्कपुढं नोफेल लिहायला विसरू नका, नाहीतर डिस्क नसताना सर्व्हर बूट होतानाच अडकतो. ईमेल डेटासेंटरखालच्या नोटिफिकेशन्समध्ये एसएमटीपी, म्हणजे मेल पाठवणाऱ्या सर्व्हरची माहिती, देऊन लागतो. जीमेल असेल तर अ‍ॅप पासवर्ड लागतो.

मे महिन्यात पहिला वळीव झाला. संध्याकाळी लाईट गेली आणि रात्री आली. सर्व्हर उठला, पण व्हीएम बंद. प्रत्येक व्हीएमच्या ऑप्शन्समध्ये 'स्टार्ट अ‍ॅट बूट' आहे आणि ते मुळात 'नो' असतं. ते 'यस' केलं, क्रम दिला: आधी फायलींचा कंटेनर, मग बाकीचे. बायॉसमध्ये वीज आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हायचं सेटिंग असतं, तेही. यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडून यूपीएसवर लक्ष ठेवणारा एनयूटी बसवला. आता बॅटरी उतरायला लागली की सर्व्हर व्हीएमना नीट बंद व्हायला सांगतो, प्रत्येकासाठी जास्तीत जास्त १८० सेकंद थांबतो आणि मग स्वतः बंद होतो. आमचा यूपीएस तेवढा वेळ टिकतो, बघून घेतलं आहे.

चौकटीचा राग आता गेला. एंटरप्राइज रिपॉझिटरीत जास्त तपासलेली पॅकेजं येतात, आणि धंद्याच्या ठिकाणी नो-सबस्क्रिप्शन वापरू नका असं बनवणारे स्वतःच सांगतात. मी ते ऐकलेलं नाही, पैसे वाचवले आहेत. मग एक चौकट बंद करायला एक क्लिक एवढं मी देणं लागते. चौकट काढायची स्क्रिप्ट पुन्हा चालवली नाही, अपडेट रविवारी आणि बॅकअप झाल्यावरच करते. वर्गणी दर प्रोसेसर सॉकेटमागे वर्षाची आणि युरोत आहे. आमचा सॉकेट एकच. यंदाच्या लग्नाच्या हंगामाचा हिशेब बसला की सगळ्यात खालची घेणार आहे.

मागच्या रविवारी पहिल्यांदा रिस्टोअर करून पाहिलं. विंडोज ७ वेगळ्या क्रमांकानं उभं केलं, नेटवर्क काढून, डोंगल मूळ मशीनकडून सोडवून. अकरा मिनिटं लागली. २०१२ मधली एका वखारीच्या पावतीपुस्तकाची फाईल उघडली, जोडाक्षरं जशीच्या तशी होती. दुसरी हार्डडिस्क कोल्हापुरात सांगून ठेवली आहे. ती माझ्या माहेरी संकेश्वरला राहील आणि दर महिन्याला दोन्ही बदलायच्या.