रेशी मशरूम पावडर (१०० ग्रॅम, १८५० रु.): कडू लागली नाही तिथंच शंका आली

दोन स्टार देतेय, त्यातला एकही मशरूमसाठी नाही.

मावशीला ब्रेस्ट कॅन्सर आहे, दोन केमो झाल्यात, ट्रीटमेंट संभाजीनगरला आणि आम्ही परभणीचे, त्यामुळे सारखं जाणं-येणं चालू. घरात असा पेशंट असला की भेटायला येणारा प्रत्येक जण एक औषध सांगून जातोच, कुणी गोमूत्र, कुणी लक्ष्मणफळ, यावेळी मामाच्या व्हॉट्सॲपवर मशरूम आलं. आजी म्हणे, कुत्र्याच्या छत्र्या खाऊन कुणी बरं होतंय का गं! पण मामा ऐकेनात, मग दवाखान्यातून परत येताना शहरातल्या एका ऑरगॅनिक दुकानातून दोन डबे घेतले. नाव लिहीत नाही, कारण शेवटी वाचा.

दुकानवाले काका बोलायला लई गोड. मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, लॅबमधल्या काचेच्या डिशमध्ये कॅन्सरच्या पेशी पटापट मरतायत, आणि म्हणाले ताई, हे जपानमध्ये सरकारमान्य औषध आहे.

घरी आल्यावर कोमट पाण्यात चमचाभर ढवळून दिली तर मावशी म्हणते, "सातूच्या पिठासारखं लागतंय गं, चांगलंय." तिथंच मला खटकलं. खरी रेशी लाकडासारखी टणक असते आणि कडूजहर, कारण तिच्यात गॅनोडेरिक ॲसिड नावाची कडू रसायनं (ट्रायटर्पीन्स) असतात, आणि व्हिडिओत पेशी मारणारी म्हणून ज्यांचं कौतुक चालतं त्यात हीच मंडळी पुढे असतात. मग कडूपणा गेला कुठं?

डबा फिरवून वाचला. पुढे मोठ्या अक्षरात 'पॉलिसॅकराइड ४० टक्के', मागे मुंगीएवढ्या अक्षरात 'मायसेलियल बायोमास', म्हणजे छत्री नाही, धान्यावर वाढवलेली बुरशीची जाळी, बऱ्याचदा धान्यासकट दळलेली. पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या कणांची लांब साखळी, त्यातली मशरूमची कामाची साखळी म्हणजे बीटा-ग्लुकॅन, त्याचा आकडा कुठंच नाही. आणि पॉलिसॅकराइड तर स्टार्च पण असतो, भाकरीत पण भरपूर असतो, त्याला कोण १८५० देतंय?

मी बीएस्सी केमिस्ट्री आहे (नोकरी बँकेत, पण सवय जात नाही), त्यामुळे तीन पांढऱ्या बशा मांडल्या. एकीत ज्वारीचं पीठ, एकीत वाळवलेल्या धिंगरी मशरूमचा चुरा, एकीत ही पावडर. तिन्ही पाण्यात उकळून गार केलं आणि आयोडीनचे दोन-दोन थेंब टाकले. मशरूममध्ये स्टार्च नसतो, त्यामुळे धिंगरी पिवळट तपकिरीच राहिली. ज्वारी निळीकाळी झाली. आणि आपली रेशी? ज्वारीच्या शेजारी ठेवली तर ओळखू येईना, शाई सांडल्यासारखी. आता यावरून मशरूम किती आहे ते कळत नाही हे मान्य, पण पीठ आहे हे कळतं. आजी लगेच, "पीठच हाय म्हणतीस तर भाकरीत घाल की."

जपानचं म्हणाल तर ते अर्धं खरं आहे म्हणून जास्त राग आला. तिकडे १९७७ ला क्रेस्टिन नावाचं औषध मंजूर झालं, पण ते टर्की टेल या वेगळ्याच मशरूममधून शुद्ध करून काढलेलं. १९८५ ला लेंटिनन, ते शिताकेमधलं आणि इंजेक्शनने द्यायचं. दोन्ही केमोच्या जोडीला, केमोच्या ऐवजी नाही, आणि दोन्हीत रेशीचा संबंध नाही. ही बीटा-ग्लुकॅनवाली औषधं गाठीला थेट मारतात असंही नाही, आपल्या पांढऱ्या पेशींवर डेक्टिन-१ नावाचा रिसेप्टर असतो त्याला बीटा-ग्लुकॅन चिकटतं आणि त्या पेशी जाग्या होतात, असं ते काम आहे. डिशमधलं तर विचारूच नका. कॉर्डिसेप्स या दुसऱ्या औषधी बुरशीतलं कॉर्डिसेपिन घ्या, डिशमध्ये पेशीचं आरएनए बनणं मधेच तोडतं, पण शरीरात गेलं की आपलंच एक एन्झाइम त्याची लवकर वाट लावतं. माणसांवरचं बघायचं तर कॉक्रेनवाल्यांनी (झालेल्या ट्रायल एकत्र तपासणारी संस्था) रेशीच्या ५ ट्रायल, ३७३ पेशंट तपासले. केमो-रेडिएशनसोबत थोडी मदत होत असेल, पण मुख्य उपचार म्हणून वापरावी एवढा पुरावा नाही, असा निकाल.

आणि आमची चूक पण लिहिते, डॉक्टरांना विचारायच्या आधीच चार दिवस दिली. डॉक्टर चिडलेच. म्हणाले रेशीने रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो, इकडे केमोने प्लेटलेट आधीच खाली, आणि रेशी पावडरने लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस आहेत, उद्या हिचे रिपोर्ट बिघडले तर कुणाला धरायचं, केमोला का तुमच्या डब्याला? मी म्हटलं सर त्यात बहुतेक पीठच आहे. ते हसले नाहीत.

सील न फोडलेला डबा घेऊन परत दुकानात गेले. मागच्या बाजूला छापलेलं 'औषधी वापरासाठी नाही' हे काकांना बोट ठेवून दाखवलं, आणि कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ पासून कायद्यानं बंदी आहे हे पण सांगितलं. काका म्हणे, "मी कुठं बरं करतो म्हणालो, कंपनीवाल्यानं दिलेला व्हिडिओ दाखवला फक्त." पण वाद न घालता डबा घेतला, म्हणून एक स्टार आणि म्हणून नाव नाही. कॅश काही दिली नाही, तेवढ्याचं सामान घ्या म्हणाले, मग लाकडी घाण्याचं करडईचं तेल आणलं. ते एक नंबर आहे, वास झाकण उघडताच येतो. दुसरा स्टार त्याचा.