नायट्राइड घ्यावं की अल्गॅस? वेव्हगाइड स्वतः बनवणार असाल तर

चिपवरच्या वेव्हगाइडमध्ये, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या बारीक वाटेत, फोर-वेव्ह मिक्सिंगने (जोरदार पंप लेसर आणि सिग्नल मटेरियलमध्ये मिसळून नवी वेव्हलेंग्थ काढायची पद्धत) सिग्नल एका टेलिकॉम वेव्हलेंग्थवरून दुसरीवर न्यायचाय आणि चिपही स्वतःच बनवायचीय, असं असेल तर गाडी बहुतेक दोन मटेरियलपाशी येऊन थांबते: सिलिकॉन नायट्राइड, नाहीतर ऑक्साइडवर चिकटवलेलं अल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइड, ज्याला लॅबमध्ये सगळे अल्गॅसच म्हणतात. साधं सिलिकॉन 1550 नॅनोमीटरला, म्हणजे टेलिकॉमच्या वेव्हलेंग्थला, दोन-दोन फोटॉन गिळतं (टू-फोटॉन ॲब्सॉर्प्शन) आणि वर त्यातून सुटलेल्या फ्री कॅरिअरचा लॉस लावतं, म्हणून ते मी धरतच नाहीये. उरलेली दोन्ही मी करून बघितलीयेत.

लॉसचे, म्हणजे वाटेत किती प्रकाश वाया जातो त्याचे, आकडे बघून बरेच जण लगेच नायट्राइडकडे वळतात, आणि त्यात चूक काही नाही. लोझानच्या ईपीएफएलने 2021 मध्ये मीटरला साधारण 1 डीबी दाखवलं, आणि डेन्मार्कच्या डीटीयूचा 2016 चा अल्गॅसचा आकडा आहे 1.4 डीबी, पण सेंटीमीटरला! पण नॉनलिनिअर गामा बघा, म्हणजे मिक्सिंग किती जोरात होतं त्याचा आकडा, नायट्राइडचा वॉट-मीटरला 1 च्या आसपास आणि अल्गॅसचा 600 च्या वर. लॉस धरून उपयोगी लांबी काढली तर नायट्राइडला जास्तीत जास्त सव्वाचार मीटर मिळते, अल्गॅसला तीन सेंटीमीटर, आणि तरी गामा आणि लांबीचा गुणाकार अल्गॅसचाच चौपट येतो. शिवाय चार मीटरचा स्पायरल काढलात की डिस्पर्शन (वेगवेगळ्या वेव्हलेंग्थच्या वेगातला फरक) जरा इकडेतिकडे झालं तरी कन्व्हर्जनची बँडविड्थ आक्रसते, ते वेगळंच.

पण खरं सांगायचं तर माझा निर्णय ह्या गणिताने झाला नाही, तो झाला क्रॅकमुळे. डिस्पर्शन जमवायला नायट्राइड 700-800 नॅनोमीटर जाड लागतं, एलपीसीव्हीडीच्या (भट्टीत कमी दाबाच्या वायूंतून थर चढवायची पद्धत) फिल्ममध्ये ताण जवळजवळ एक गिगापास्कल, आणि 400 च्या पुढे गेलं की ती तडकायला लागते. तडा वेफरच्या कडेला सुरू होतो आणि आत पळत येतो, आणि कुठून जाईल ते त्याची मर्जी. उपाय आहेत, नाही असं नाही, फिल्म दोन हप्त्यांत टाकायची आणि मध्ये वेफर 45 अंश फिरवायचा, चिपभोवती डायमंड स्क्राइबने चर मारायचे, किंवा डमासीन करायचं म्हणजे आधी ऑक्साइडमध्ये खाच खणून त्यात नायट्राइड भरायचं. आमच्याकडे चर मारूनही एखादा तडा नेमका सगळ्यात लांब स्पायरलमधूनच जायचा, आणि वैताग ह्याचा की डिपॉझिशननंतर वेफर छान दिसतो, मग एन-एच बाँडमधला हायड्रोजन घालवायला 1200 डिग्रीला अनील करायचं, म्हणजे भट्टीत तापवायचं, बाहेर काढून मायक्रोस्कोपखाली धरायचं आणि तेव्हा कळायचं. तोवर भट्टीच्या ट्यूबचा स्लॉट गेलेला असतो, पुढचा कधी मिळेल ते फॅबवाले, म्हणजे चिप बनवायची क्लीनरूम चालवणारे, सांगतील तेव्हा.

अल्गॅसही साधं नाहीये हं. वेफर उलटा करून बाँड करायचा, मग गॅलियम आर्सेनाइडचा अख्खा सबस्ट्रेट ॲसिड-पेरॉक्साइडने खाऊन टाकायचा, मध्ये बुडबुडा राहिला तर तिथली फिल्म निघूनच येते. रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स 3.3, त्यामुळे साइडवॉलचा एकेक नॅनोमीटर खडबडीतपणा स्कॅटरिंगमध्ये दिसतो. पण इथे काय बिघडतं ते निदान वेळेवर कळतं. रेझिस्ट (नक्षीचा मास्क) थोडा रिफ्लो करून, म्हणजे गरम करून मऊ करून, कडा गुळगुळीत करायच्या आणि एच, म्हणजे कोरणं, झाल्याझाल्या एएलडीने (अणूंचा एकेक थर चढवायची पद्धत) काही नॅनोमीटर अल्युमिना चढवायचा, म्हणजे उघडा पृष्ठभाग हवेत ऑक्सिडाइज होत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरावाल्यांनी असंच काहीसं करत 2020 मध्ये सेंटीमीटरला 0.2 डीबीच्याही खाली नेलं, तिथवर आम्ही पोचलो नाही पण 1 च्या आसपास आलो आणि कन्व्हर्जनला ते पुरतं.

अल्युमिनियम मात्र 20 टक्क्यांच्या आसपास ठेवा, फार कमी केलंत तर टू-फोटॉन ॲब्सॉर्प्शन परत येतं आणि मग सिलिकॉन काय वाईट होतं. आणि दृश्य प्रकाशाकडे जायचं असेल तर अल्गॅस विसरा, ते साधारण 740 नॅनोमीटरच्या खाली सगळं शोषून घेतं, तिथे नायट्राइडला तोड नाही. बाहेरच्या फाउंड्रीकडून तयार जाड नायट्राइड घेणार असाल तरीही माझं क्रॅकपुराण सोडून द्या, थांबायची तयारी असेल तर तो रस्ता ठीकच आहे.

बाकी आधी तुमच्या फॅबच्या इन्चार्जना विचारा की क्लोरीनच्या एचरमध्ये (कोरायच्या मशिनमध्ये) थ्री-फाइव्ह, म्हणजे अल्गॅससारखी गॅलियम-आर्सेनिक गटातली मटेरियल, घालू देतात का, काही ठिकाणी आर्सेनिकचं नाव काढलं की दार बंद होतं. हो म्हणाले तर मी तरी अल्गॅसच घेईन. नाही म्हणाले तर नायट्राइड, पण मग जाड फिल्म शेवटची कधी टाकली होती ते विचारा आणि तो वेफर अनीलनंतरचा बघायला मागा.