जुनाट जखमेसाठी बेकाप्लर्मिन जेल: नागपुरात ट्यूब घेण्याआधी

मधुमेही पायाची जखम भरावी म्हणून न्यूरोपेप्टाइडचं (नसांतून सुटणाऱ्या छोट्या प्रथिन-साखळीचं) मलम शोधत धंतोली-रामदासपेठेतली दुकानं पालथी घालू नका. जखम भरण्याशी जोडलं जाणारं न्यूरोपेप्टाइड म्हणजे सब्स्टन्स पी; ते असलेलं, जखमेसाठी मान्यता मिळालेलं औषध बाजारात नाही. न्यूरोपेप्टाइड म्हणून ज्या क्रीम खपतात त्यांत बहुधा अ‍ॅसिटाइल हेक्सापेप्टाइड असतं. ते सुरकुत्यांसाठी आहे, उघड्या जखमेशी त्याचा संबंध नाही. चिठ्ठीवर मिळतं ते बेकाप्लर्मिन जेल, ०.०१ टक्के. परीक्षण त्याचंच.

सब्स्टन्स पी म्हणजे ११ अमिनो आम्लांची साखळी. त्वचेला इजा झाली की बारीक नसांच्या टोकांतून ती सुटते, रक्तवाहिन्या रुंदावते, पांढऱ्या पेशींना बोलावते. मधुमेहात या नसाच झडतात, वर ती साखळी तोडणारं नेप्रिलायसिन हे विकर (एन्झाइम) वाढतं, आणि जखम दाहाच्या टप्प्यात अडकते. मधुमेही उंदरांच्या जखमा सब्स्टन्स पी लावल्यावर लवकर भरल्या आहेत. बेकाप्लर्मिन ही नसांची उणीव भरून काढत नाही. तो पीडीजीएफ हा वाढ-घटक आहे. नवं मांस विणणाऱ्या पेशींना तो जखमेत ओढतो. अमेरिकेत त्याला १९९७ मध्ये मान्यता मिळाली. मुख्य चाचणीत २० आठवड्यांत पूर्ण भरलेल्या जखमा जेलच्या गटात ५० टक्के होत्या, औषध नसलेल्या जेलच्या गटात ३५. फायदा खरा आहे, पण तो चांगल्या ड्रेसिंगच्या वरचा आहे, त्याच्या बदल्यातला नाही.

मात्रा अशी काढा: १५ ग्रॅमची ट्यूब असेल तर जखमेची लांबी आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजून गुणा, चारने भागा. ४ बाय २ च्या जखमेला रोज २ सेंटिमीटर जेल. २ ग्रॅमच्या ट्यूबचं तोंड लहान असतं, तिथे दोनने भागा. जखम आकसेल तसं दर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा. जखम नॉर्मल सलाइनने धुवा, जेल स्वच्छ कागदावर काढून कापसाच्या काडीने दीड मिलिमीटरचा थर पसरा, वर सलाइनमध्ये ओला केलेला गॉझ ठेवा. १२ तासांनी उरलेलं जेल धुऊन नुसता ओला गॉझ. दिवसातून एकदाच, जास्त थापल्याने फायदा वाढत नाही, ट्यूब मात्र लवकर संपते. हायड्रोजन पेरॉक्साइड नको, ज्या पेशींना बोलावतोय त्याच मरतात.

नागपुरात खरी अडचण तापमानाची. जेल २ ते ८ अंशांत हवं, गोठलेलं चालत नाही. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा कूलरच्या खोलीतलं कपाट उपयोगाचं नाही. दुकानदाराने फ्रिजमधूनच काढून दिलेली ट्यूब घ्या, बर्फाच्या पिशवीसह डब्यातून न्या, पण ट्यूब आणि बर्फ यांच्यात कापड ठेवा.

जेल फुकट जातं ते बहुतेक वेळा जखमेच्या तयारीत कसूर राहिल्याने. पांढरट-पिवळा मृत थर तसाच असेल तर त्यातली विकरं जेलमधलं प्रथिन तोडतात. तो थर सर्जनकडून वरचेवर काढून घ्यायला हवा. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या सर्जरी ओपीडीत हे काम होतं. पायाचा रक्तपुरवठा आधी तपासा. मधुमेह्यांच्या धमन्या कडक झाल्याने घोट्याचा रक्तदाब खोटा चांगला दिसतो, म्हणून पायाच्या बोटाचाही दाब मोजून घ्या. हाडापर्यंत संसर्ग असेल तर आधी त्याचा इलाज. आणि तळपायाच्या जखमेवरचा भार काढा: शक्य तिथे टोटल कॉन्टॅक्ट कास्ट (पायाला सगळीकडून टेकणारं प्लास्टर), भरल्यानंतर एमसीआर म्हणजे मऊ रबराची चप्पल. त्याच जखमेवर चालत राहणाऱ्या पायाला कोणतंच जेल पुरत नाही. बधिर पायांनी उन्हाळ्यात देवळाच्या फरशीवर अनवाणी उभं राहिलं तर चटका कळतही नाही आणि दुसरी जखम तयार होते.

जखमेच्या जागी कर्करोग असेल तर जेल लावायचंच नाही. पूर्वी कुठेही कर्करोग झाला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. १० आठवड्यांत जखम ३० टक्क्यांनी आकसली नाही, किंवा २० आठवड्यांत पूर्ण भरली नाही, तर पुढची ट्यूब घेण्याआधी रक्तपुरवठा, हाड आणि चप्पल पुन्हा तपासून घ्या.